डाव्या गालावरचा ठिपका

आमच्या जबड्याच्या वॉर्डात निम्म्या पेशंटची तोंडं तारेनं बांधलेली. तरी अख्ख्या दवाखान्यात सगळ्यात जास्त किस्से आमच्याकडेच साठतात! त्यातले निम्मे एकट्या मीराच्या आईचे.

*

मीरा पाच वर्षांची, गंगापूरची. डावा गाल जरासा सुजलेला, त्यावर गेरूचा जाड लेप. घरच्यांनी गालगुंड ठरवून टाकलेलं. आतला तुकडा काढून तपासला, तर जबड्याच्या हाडात गाठ.

"कॅन्सर नाही," आमचे सर्जन सर म्हणाले.

"मंग जाऊ का घरी?" आई पिशवी उचलून उभीच राहिली!

"बसा ताई. गाठ साधी आहे, पण हाड पोखरतेय."

*

तेवढा जबडा कापूनच काढावा, असं एका मोठ्या डॉक्टरांचं मत पडलं. सरांना ते पटेना.

"पोरीचा चेहरा अजून वाढायचाय. गाठ खरवडून काढू, जबडा ठेवू. पण गाठ परत आली, तर मात्र कापावा लागेल. दर सहा महिन्यांनी दाखवायला याल?"

"न यायला काय झालं? जीप दिराचीच हाय."

मला रागच आला. एवढं ऐकून हिला जीप सुचते! मग पाहिलं, तिनं मीराचा हात इतका घट्ट धरला होता की पोरगी तो सोडवायला बघत होती.

*

ऑपरेशनच्या सकाळी सरांनी डाव्या गालावर शाईचा ठिपका दिला. टेबलावर भूल चढली, मी तिची टोपी सारखी करायला वाकले आणि बघते तर काय. दोन्ही गालांवर ठिपके!

स्कॅन पुन्हा लावला. डावाच. तरी सर सुरी उचलेनात. "आईला विचारून या."

ती दाराशीच उभी होती. "तुमी शाईचं लावलं. शाईनं दृष्ट टळती व्हय? म्हणून म्या काजळाचं लावलं. त्या गालावर जागा नव्हती."

त्या दिवसापासून वॉर्डात पोरांना काजळबंदी.

*

ऑपरेशन नीट झालं आणि मायलेकी खरंच दर सहा महिन्यांनी येत राहिल्या. एकदा नवा एक्स-रे आईच खालून घेऊन आली. सरांनी तो उजेडावर धरला. डावीकडे नवे पक्के दात आलेले, सरळ, सुरेख. आणि त्यांच्याखाली काळा डाग. गाठ परत आली की हाड असंच काळं दिसतं.

 मीरा स्टुलावर पाय हलवत बसली होती. मला तिच्याकडे बघवेना.

सरांनी फिल्म खाली घेतली, डागावरून अंगठा फिरवला. अंगठा काळा झाला.

"लई गोड दात आलेत, सायब," आई म्हणाली. "पोरीला लावायचं नाय म्हणला व्हता, म्हणून फोटूला लावलं."