अण्णा फळ्यावर वारले

आमच्या शिवाजी पेठेत माणूस दवाखान्यात मरत नाही, फळ्यावर मरतो. डॉक्टरनं कितीही मान हलवू दे, तालमीच्या दारातल्या फळ्यावर खडूनं नाव चढल्याशिवाय पेठ रडायला बसत नाही. आणि गेली अठ्ठावीस वर्षं पेठेतल्या माणसांना असं फळ्यावर चढवायचं काम माझ्याकडं आहे.

उभा जन्म मी फौंड्रीत लाकडी साचे केले, त्यामुळं हात घोटलेला. माझं अक्षर रंकाळ्याच्या पलीकडच्या काठावरनं वाचता येतं. एका म्हातारीनं तर मरण चार दिवस पुढं ढकललं होतं, कारण मी जोतिबाला गेलतो आणि तिला दुसऱ्या कुणाच्या अक्षरात जायचं नव्हतं. खोटं वाटत असेल तर तिला विचारा.

फळ्याचा कायदा साधा. जो लिहितो तोच पुसतो. गाय हरवल्याचं लिहिलंय आणि तीच गाय समोर उभी राहून फळा चाटायला लागली, तरी तिला हाकलायचं आणि लिहिणाऱ्याला बोलवायचं. या कायद्याच्या वर एकच गोष्ट, मरण. कुणी गेलं की आधीचं सगळं पुसायचं, निधनाची बातमी लिहायची, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत फळ्यावर दुसरं अक्षर उमटू द्यायचं नाही. फळ्यालाही सुतक.

एरवी वर मॅचची वेळ, पाण्याचा खोळंबा, आणि तळाची एक ओळ माझी. त्या ओळीत मी मनात येईल ते लिहायचो. एकाच गटारीचं तिसऱ्यांदा उद्घाटन झालं तेव्हा मी फक्त ‘गटार दाखवा’ एवढंच लिहिलं होतं. नगरसेवक महिनाभर पलीकडच्या गल्लीतनं जात होता.

निवडणूक लागली आणि मोबाइलवर एक व्हिडिओ आला. आमच्याकडं मतं मागायला येणारे साहेब दुसऱ्या तालुक्यात सभेला गेलेले. तिथं माईक धरून म्हणत होते, “एका छपराखाली देव आणि पीर, हे चालणार नाही. असल्या तालमी साफ कराव्या लागतील.” टाळ्या अशा, की माझा मोबाइल हातात गरम झाला.

आता आमची तालीम काय आहे ते सांगतो. आत मारुती. त्याच दालनात भाद्रपदात गणपती. आणि मोहरमला त्याच दालनात पंजा बसतो, चांदीच्या पत्र्याचा, हारांनी झाकलेला. पंजा उचलायचा मान आमच्या भावकीचा, मलिद्याचा पहिला नैवेद्य आमच्या घरचा. माझ्या आज्ज्यानं उचलला, बापानं उचलला, मीही उचलला. यात आम्ही काही थोर करतोय असं कधी कुणाला वाटलं नाही. घरात भिंतीला खुंटी असते तसा पंजा होता. खुंटी उपटायचं कुणी बोललं की मग कळतं, तिच्यावर केवढं टांगलंय ते.

साहेब गुरुवारी सकाळी तालमीत येणार होते. मी बुधवारी उजाडताच तळाची ओळ लिहिली. ओळ कसली, निम्मा फळा भरला.

‘साहेब, एका छपराखाली देव आणि पीर नको असं आपण म्हणालात. आमच्यात पंजा बसतो. ठेवायचा की उचलायचा? उत्तर इथंच, फळ्यासमोर द्यावं.’

खडू खिशात टाकतोय तोवर तालमीचा अध्यक्ष आला. आम्ही दोघं कुस्तीच्या एकाच हौद्यातल्या लाल मातीत वाढलो. लहानपणी त्यानं मला एकशे बारा वेळा चितपट केलंय आणि मी त्याला एकदा, तेही त्याला ताप होता म्हणून. तो वाचून शांतपणे म्हणाला, “भावा, पुस ते.”

इथंच मला पहिला संशय आला. हा माणूस मला जन्मात कधी भावा म्हणाला नव्हता. बाकी काय काय म्हणाला ते छापता येत नाही.

“का पुसू? प्रश्नच इचारलाय की.”

“त्यास्नी घरी जाऊन इचार. चारचौघांत कशाला? पोरांस्नी मॅट देतो म्हणालाय त्यो. मातीवरनं मॅटवर जायचं हाय पोरांनी.”

“मॅट देऊ दे की. आणि पंजा काढ म्हणाला तर?”

“म्हणंल तवा बघू.”

“म्हणालाय की! आता बघायचं राहिलंय काय?”

त्यानं इकडंतिकडं बघितलं. “उद्या त्यो यायच्या आत ते पुसलं न्हाईस, तर खडू दुसऱ्याच्या हातात जाईल. कमिटी बसवतो.”

“लिवणारानं पुसायचं असतंय. आणि मी न्हाय पुसत.”

तो गेला. मी तिथंच उभा राहिलो. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा मला खडू जड लागला.

त्या दिवसभर अख्खं कोल्हापूर माझ्यावर पाळत ठेवून होतं, असं मी शपथेवर सांगतो. चहावाल्यानं न मागता कपभर चहा दिला, ज्यानं आयुष्यात अर्ध्या कपाच्या वर कुणाला दिला नाही. एक अनोळखी पावणा मोटारसायकल बंद न करता फळ्याचा फोटो काढून गेला. मी विचारलं, “कुठलं पावणं?” तर म्हणाला, “इथलाच,” आणि सुटला. इथला असता तर मला ओळखलं नसतं काय? शाहूपुरीत औषध आणायला गेलो तर दुकानदारानं ब्लडप्रेशरची गोळी देताना विचारलं, “रोज घेता न्हवं?” मला तर त्यातही धमकी दिसली. घरी आलो तर बायकोनं खडूचा डबा पिठाच्या डब्यामागं दडवलेला.

“तूबी त्यांच्यातली काय गं?”

“मी कुणातली न्हाय. पर खडू घरात न्हाय म्हटलं की मार घरात येत न्हाय.”

चाळीस वर्षांच्या संसारात मला तिचं एवढं पटलं नव्हतं, म्हणून मी डब्यातला एकच खडू खिशात टाकला.

गुरुवारी सकाळी आठाला फळ्यासमोर गेलो. माझा प्रश्न नव्हता. फळा धुऊन काढलेला, आणि वर लिहिलेलं: ‘दुःखद निधन. आपल्या पेठेतील म्हशीवाले अण्णा यांचे त्यांच्या मुलीच्या गावी निधन झाले. रक्षाविसर्जन उद्या सकाळी ९ वा.’

अण्णा म्हणजे आमच्या कोपऱ्यावर रोज सकाळी म्हशी बांधून समोर धार काढून देणारे. वय ऐंशी, मिशी वीस इंच. त्यांच्या दुधाचा पेला प्यायला की माणूस पंचगंगेच्या घाटापर्यंत पळत जायचा, का पळतोय ते त्यालाच कळायचं नाही. ते निपाणीच्या पलीकडं लेकीकडं आठ दिवसांसाठी गेलेले. मला भडभडून आलं. डोळे पुसले, पुन्हा वाचलं, आणि शेवटच्या ओळीवर डोळे अडकले.

रक्षाविसर्जन?

अण्णा लिंगायत. त्यांच्यात पुरतात. जाळतच नाहीत तर राख कुठली, आणि विसर्जन कशाचं?

संशय असा उभा राहिला, की दुःखाला बसायला जागा उरली नाही. अण्णांच्या घरी गेलो, तर दाराला कुलूप. पोरगा कागलच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला, आणि तिथं मोबाइल गेटवर काढून घेतात. सून माहेरी. लेकीचा नंबर माझ्याकडं नाही. खात्री कुणाकडं करायची? बातमी लिहिणाऱ्यानं सगळा हिशेब बघूनच लिहिली होती. चूक एकाच ठिकाणी झाली. पेठेत निधन लिहायचं म्हणजे खाली रक्षाविसर्जन आलंच. हाताची सवय. मेलेला कोण, कुठला, त्याच्यात काय चालतं, याचा त्या हातानं विचारच केला नव्हता.

आणि तो हात मी ओळखला होता. त्या हातानं मला एकशे बारा वेळा पाडलं होतं.

परत आलो तर अध्यक्ष तालमीच्या दारात उभा, डोळे लाल, खांद्यावर पांढरा टॉवेल. मी म्हणालो, “कुणी कळिवलं तुला?”

“फोन आला.”

“कुणाचा?”

“मेलेल्या माणसावर संशय घेतोस? लाज वाटू दे जरा.”

झालं. आजूबाजूच्या बायकांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू अण्णांना मीच मारलंय. दोघी-तिघी दुखवट्याच्या घरी द्यायला पिठलं-भाकरीच्या बुट्ट्या घेऊन आल्या होत्या. आता तीन दिवस फळ्यावर अक्षर नाही. माझा प्रश्न मेला, आणि अण्णांच्या नावानं मेला म्हणून कुणाला त्यावर बोलताही येईना.

दहाला साहेब आले. सात गाड्या, एवढा गुलाल की उतरताना दिसेनात. अध्यक्षानं कानात काहीतरी सांगितलं. साहेबांनी क्षणात तोंड पाडलं. मी नाटकं पुष्कळ बघितली, पण इतक्या लवकर पडलेलं तोंड बघितलं नाही. फळ्यासमोर हात जोडून ते बोलायला लागले.

“अण्णांची आणि माझी गेल्याच महिन्यात भेट झाली. माझा हात हातात घेऊन म्हणाले, साहेब, धर्म तुमच्या हातात सुरक्षित आहे. अशी कडवी, धर्मनिष्ठ माणसं आता राहिली नाहीत. उद्या रक्षाविसर्जनाला मी स्वतः खांदा द्यायला येतोय.”

राखेला खांदा! मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागं एका मावशीच्या हातातली बुट्टी पडली. भाकऱ्या रस्त्यावर चाकासारख्या पळाल्या.

गर्दीच्या मागं अण्णा उभे होते. हातात चिकाची किटली. म्हैस व्यायला झाली म्हणून ते पहाटेच्या गाडीनं परत आले होते, थेट गावाबाहेरच्या गोठ्यात गेले, म्हैस व्याली, आणि पेठेला चीक वाटायला म्हणून आता येत होते. गर्दी दुभंगली. अण्णा फळ्यापाशी आले, चष्मा पुसला, स्वतःचं निधन सावकाश वाचलं. मग माझ्याकडं बघितलं. मला ते कानडीत तम्मा म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ.

“तम्मा, हे तुझं अक्षर न्हाय.”

“न्हाय अण्णा.”

“तरीच. तुझ्या हातनं मेलो असतो तर बरं तरी दिसलं असतं.”

कुणाला हसावं की पळावं कळेना. अण्णा साहेबांकडं वळले. “गेल्या म्हयन्यात आपण कुठं भेटलो?”

साहेब खोकले. “गर्दीत भेट झाली असंल, अण्णा. देवाची कृपा, तुम्ही सुखरूप…”

“आमच्यात पुरत्यात. खांदा कशाला देनार, राखेच्या मडक्याला? धर्म सांभाळतो म्हणता, आणि शेजाऱ्याचा मुडदा कुठं जातो ते ठावं न्हाय?” मग मला म्हणाले, “माझ्या जाग्यावर आधी काय लिवलेलं?”

मी मोठ्यानं सांगितलं. शब्द न् शब्द.

“हां. मग तेचं उत्तर द्या की, साहेब. मला तर आता कुणाचं भ्या न्हाय. मी मेलोय.”

साहेबांनी हसून दोन्ही हात वर केले. “पंजा ही तर आपली परंपरा! मी त्या परंपरेचा आदर करतो.” मागच्यांनी टाळ्या वाजवल्या.

“मग त्या सभेत कोण बोललं? तुमचा जुळा भाऊ?”

“माझं वाक्य तोडून दाखवलंय. पुढचं मागचं काढून टाकलं.”

मी खिशातला खडू काढला. बायकोनं दडवलेल्या डब्यातलाच होता. “अख्खं वाक्य सांगा, साहेब. जसं बोलाल तसं लिवतो. इथं सांगाल तेच तिकडंबी लिवून पाठवतो.”

साहेबांनी माझ्या खडूकडं बघितलं. नंतर घड्याळाकडं. “पुढच्या सभेला उशीर झालाय. यावर आपण सविस्तर बसू.” सात गाड्या एका मिनिटात गेल्या. येताना अर्धा तास लागला होता.

मी फळ्याकडं सरकलो, तर अण्णांनी काठी आडवी धरली. “थांब. ज्यानं लिवलंय त्यानं पुसायचं. कायदा हाय न्हवं?”

“अण्णा, सुतक…” कुणीतरी पुटपुटलं.

“आमच्यात सुतकबी न्हाय. कोण पुसतंय ते बघतो मी. तोवर मी मेलेलाच.” आणि ते तालमीच्या कट्ट्यावर मांडी घालून बसले. चिकाची किटली पुढ्यात.

मी बोट दाखवू शकलो असतो. नाही दाखवलं. चोवीस तास ज्याच्या-त्याच्यावर संशय घेऊन मी थकलो होतो, आणि खरं सांगायचं तर अध्यक्षाचं पडलेलं तोंड साहेबांसारखं नव्हतं. ते खरंच पडलं होतं. बायांनी बुट्ट्या कट्ट्यावर टेकवल्या. अकरा वाजले, साडेअकरा झाले. चीक उन्हात फाटायला लागला. तिकडं गोठ्यात म्हशी हंबरत असणार, अण्णा हलले नाहीत.

शेवटी अध्यक्ष पुढं आला. खांद्यावरचा टॉवेल ओला केला आणि सगळ्या पेठेच्या देखत अण्णांचं निधन पुसलं. वरनं खालपर्यंत, सावकाश, रक्षाविसर्जनावरनं दोनदा हात फिरवला. वळला, अण्णांच्या पायाला हात लावला आणि मला म्हणाला, “लिव.”

“आणि मॅट?”

“लिव म्हणतोय न्हवं! आता माती काय वाईट हाय?”

मी लिहिलं. तोच प्रश्न, त्याच अक्षरात. खाली नवी ओळ घातली, ‘उत्तराची वाट बघतोय.’ अण्णांनी फाटलेला चीक आम्हां दोघांच्याच पेल्यात ओतला, शिक्षा म्हणून. आम्ही प्यालो.

याला आता बरेच दिवस झाले. साहेब निवडून आले. उत्तर आलेलं नाही. मॅट मात्र आली, आणि ती का आली असेल या विचारानं माझी झोप उडाली आहे. खडू अजून माझ्याच खिशात आहे. प्रश्न फळ्यावर तसाच आहे, कारण मी तो पुसत नाही, आणि दुसऱ्याला पुसायचा तर पेठेत कुणीतरी मरावं लागतं. म्हणून मी रोज सकाळी दारोदार जाऊन सगळ्यांच्या तब्येती विचारतो. अध्यक्षाला परवा साधा खोकला झाला, तर मी दोन तास त्याच्या उशाला बसून होतो. आणि अण्णा, कोपऱ्यावर येऊन आधी फळा वाचतात, आपण आहोत की नाही ते बघतात, मगच म्हशीला हात लावतात.