माजघरातला कापूस आणि वायफाय

वामनराव काडेपेटी विकत घेतील तरी दुकानातच एक काडी ओढून बघतील. वडनेरात त्यांचं आणि माझं घर भिंतीला भिंत लागून आहे, त्यामुळे या चिकित्सेचा सगळ्यात जास्त जाच मलाच. मी पोस्टातून निवृत्त झालो तरी गाव मला मास्तरच म्हणतं. फाटकातून "मास्तर, हायेत काय घरी?" अशी हाक आली की मी आधी चष्मा लपवतो. फवाऱ्याच्या औषधावरची बारीक अक्षरं नाहीतर मोटारपंपाचं वॉरंटी कार्ड, काहीतरी वाचून दाखवावं लागणार हे ठरलेलंच असतं.

पण माणूस असा उगाच झाला नाही. बीटी कपाशीच्या बॅगा गावात आल्या तेव्हा त्यांच्यावर बोंडांनी वाकलेल्या झाडाचं चित्र असे. पहिली काही वर्षं चित्रातल्यासारखं पीक आलंही. मग कंपन्यांची जत्रा भरली, दर साली नवं नाव आणि नवं चित्र. आणि एका साली गुलाबी अळी अशी काही बोंडात शिरली की वेचायला गेलेल्या बाया रिकाम्या ओट्यांनी परत आल्या. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तेव्हापासून वामनरावांचा एकच कायदा: "खोक्यावरचं चित्र पाहू नये मास्तर, कोनाच्या वावरात लागलं थे पाहावं." बॅग घेण्याआधी ते पंचक्रोशीतल्या वावरांतून हिंडतात, बांधावर उकिडवे बसतात, आणि मगच कनवटीला हात घालतात.

या माणसाला परवाच्या उन्हाळ्याआधी वायफायचा राऊटर विकत घ्यायचा होता. तोही साधासुधा नाही, घरभर रेंज देणारा.

कारण असं. जानेवारीत त्यांची बायको आशाबाई न्हाणीजवळ पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. अकोल्याला ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बरेच महिने बाजेवरून हलायचं नाही असं बजावलं. एकुलती एक मुलगी नीरजा पुण्याला नोकरीला. विमा कंपनीत दवाखान्यांची बिलं तपासायचं काम. ती धावत आली आणि आईजवळ राहीन म्हणाली. कंपनीनं सांगितलं, घरून काम करा, आमची ना नाही, पण नेट दिवसभर पक्कं पाहिजे. महिनाअखेरपर्यंत दाखवा, नाहीतर परत या. मोबाईलचं नेट आमच्याकडे दुपारी जेवून झोपतं. म्हणजे सगळा प्रश्न एवढाच होता, की वायफाय आशाबाईच्या बाजेपर्यंत पोचलं तर पोरगी आईजवळ राहणार, नाहीतर आई एकटी पडणार.

आता त्यांचं घर. समोर ओसरी, मधे माजघर, मागे आशाबाईची खोली. न्हाणी-संडास जवळ म्हणून तिला मागे ठेवलेलं. ओसरीत बाईमाणसाला रस्त्याच्या तोंडावर पडून राहायला लावणार कसं? नेटची तार कंपनी ओसरीपर्यंतच आणून देत होती. आणि मधलं माजघर? माजघरात कापूस होता. जमिनीपासून पार आढ्यापर्यंत. आदल्या वर्षी कापसाला पाच आकडी भाव मिळाला होता, तसा पुन्हा येईल म्हणून अर्ध्या गावानं घरात कापूस भरून ठेवला होता. लोक कापसातल्या किडीनं अंग खाजवत झोपत होते, पण विकत नव्हते. वामनराव तर त्यात सगळ्यांचे वरताण. आशाबाईच्या खोलीत जायचं तर त्यांना ओसरी उतरून, बोळातून वळसा घालून मागच्या दारानं जावं लागे. व्यापारी दोनदा येऊन हात हलवत गेला. नीरजानं विनवलं. मीही चार शब्द ऐकवले. "भाव येऊ द्या," एवढंच उत्तर.

राऊटर मात्र ते घ्यायला निघाले. नीरजा पुण्याची खोली सोडून सामान आणायला गेली होती. जाताना म्हणाली होती, "बाबा, कोनताही घ्या, पन घरभर रेंज पायजे. मी आल्यावर घेऊ काय?"

"मले समजत नाही काय?" बाबा म्हणाले. झालं!

पहिली धाड माझ्या घरावर. माझ्याकडे राऊटर आहे, मुलानं बसवून दिलेला. वामनराव माझा फोन हातात धरून खोलीखोलीतून फिरले, जिन्यात उभे राहिले, आणि शेवटी संडासात जाऊन कडी लावून घेतली. बाहेर येऊन म्हणाले, "तठी एकच रेघ येते मास्तर. तुमचा फसला."

"मला तिथं नेट लागत नाही, वामनराव."

"मानसाचं काय सांगता येते?"

मग ते नांदुऱ्याला कामरानच्या दुकानात गेले. मला ओढून नेलंच. कामरान तरुण आहे, कॅमेरे, वायफाय, इन्व्हर्टर असं सगळं विकतो, आणि त्याला खेड्यातल्या गिऱ्हाइकाची सवय आहे. त्यानं चार खोकी मांडली. प्रत्येकावर छानसं दुमजली घर आणि त्याच्या सगळ्या खिडक्यांतून निघणाऱ्या निळ्या लाटा. वामनरावांनी चारही खोकी पालथी घातली.

"चित्र झाकून ठेव. आमच्या गावात कोनाच्या घरी कोनता लागला, थे सांग."

कामराननं हसत दोन घरं सांगितली. वामनराव काही न घेता उठले! दोन दिवस त्या दोन्ही घरी जाऊन बसले, चहा प्याले, रेघा मोजल्या, भिंतीवर टिचक्या मारून विटांच्या की मातीच्या ते पाहिलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात. निवड मात्र खरंच चांगली केली होती, हे मला मान्य करावं लागतं. मातीच्या भिंतीच्या घरात चालणारा, मोठा डबा आणि त्याच्यासोबत एक छोटी डबी, असा जोड. कामरान सांगायला लागला, "काका, हे दोन्ही संग लागते बरं..." पण वामनराव तोवर घासाघीस करण्यात गुंतले होते, आणि त्या कामात त्यांना दुसरं काही ऐकू येत नाही.

तार जोडणारा माणूस आला, मोठा डबा ओसरीत बसवून दिला, दिवे लागले. वामनराव बोळातून मागच्या खोलीत गेले. एकही रेघ नाही. जोडणारा म्हणाला, "काका, मधात एवढा कापूस. रेंज खाते ना तो." उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि फटफटीला किक मारून गेला.

मला वाटलं, आता वामनराव खोकं घेऊन नांदुऱ्याला भांडायला जातील. पण ते ओसरीच्या पायरीवर टेकले. तिथूनच मला विचारलं, "नीरजा कवा येनार?"

"रविवारी."

"मंग शनवारच्या आत काढावं लागते."

काय काढावं लागतं, ते मला व्यापाऱ्याची गाडी दारात येईपर्यंत कळलं नाही. ज्या माणसानं सगळ्या गावाचं ऐकलं नव्हतं, त्यानं एका तार जोडणाऱ्याच्या थापेवर सगळा कापूस काट्यावर घातला. भाव पडलेलाच होता. वामनराव काट्याकडे बघतसुद्धा नव्हते, ही गोष्ट त्यांच्या जन्मात पहिल्यांदा घडली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. संध्याकाळपर्यंत माजघर झाडून मोकळं झालं. मधलं दार उघडलं. वामनराव फोन घेऊन थेट माजघरातून मागच्या खोलीत गेले.

एक रेघ. तीही येई आणि जाई.

रविवारी नीरजा आली. तिनं डबा पाहिला, खोकं पाहिलं आणि विचारलं, "बाबा, यातली लहान डबी कुठी हाय?"

"थे? फुकटची थे. ठेवून देल्ली."

आता हे शहरातल्या माणसाला समजायचं नाही. कपाशीच्या प्रत्येक बॅगेत एक लहान पुडी येते, बिगर-बीटी सरकीची. ती वावराच्या कडेनं लावायची असते, म्हणजे अळीला तिथं खायला मिळून ती बीटीला सरावत नाही. सरकार सांगतं, कंपनी सांगते, आणि लावत कुणीच नाही. मोठं पाकीट पेरायचं, लहान पुडी बाजूला टाकायची, ही आमच्याकडची रीतच. वामनरावांनी राऊटरलाही तोच न्याय लावला होता. डबी फडताळात निघाली, अशाच जुन्या पुड्यांच्या शेजारी. नीरजानं कपाळावर हात मारून घेतला आणि मग हसत सुटली. तिनं माजघरातल्या बोर्डाची तोडलेली लाईन जोडून घेतली, ती डबी तिथं लावली, आणि आशाबाईच्या बाजेवर सगळ्या रेघा भरून आल्या. सोमवारी तिनं कंपनीला दाखवलं. कंपनी हो म्हणाली. पोरगी राहिली.

गोष्ट इथं गोड संपायला हरकत नव्हती. पण वामनरावांच्या डोक्यात किडा शिरला. चार दिवसांनी मी ओसरीत चहाला बसलो होतो. नीरजा मागे आईच्या बाजेशी कानाला यंत्र लावून कामात होती. वामनराव तावातावानं बोलायला लागले. "म्हंजे मास्तर, कापसाचा काई दोष नव्हता! डबी लावली असती तर भागलं असतं. म्या फुकट विकला का नाही?"

"डबी लावली असती कुठं? बोर्ड तर कापसामागं होता. आणि आग लागेल म्हणून तुम्हीच त्याची लाईन तोडून ठेवली होती."

"बोळातून वायर घेतली असती! आता भाव वाढून राह्यला म्हन्ते. उगाच विकला, मास्तर. उगाच!"

तेवढ्यात मागच्या खोलीतून आवाज आला. आशाबाईचा.

"अजी, काऊन ओरडून राह्यले? सारं ऐकू येऊन राह्यलं मले."

वामनराव दचकले. "तुले अठलं ऐकू येते?"

"आता येते ना. कापूस होता तवा तुमचं मले ऐकू ये ना, अन् माहं तुमाले. लय हाका मारल्या म्या सुरुवातीले. पोरगी झोपेल असली, नाहीतर दुकानात गेली, की पानी मांगत जाओ, कूस बदलून द्या म्हनत जाओ. तुमी ओसरीतच बसेल असा, मले ठाव होतं. मंग म्हटलं, हा मानूस ऐकून न ऐकल्यासारखं करते. सोडून देल्लं मंग हाका मारनं."

तिच्या आवाजात राग नव्हता. हवापाण्याचं सांगावं तसं तिनं सांगितलं. मी मात्र कप खाली ठेवला. ती हाक मारत नाही म्हणजे तिचं दुखणं कमी झालं, असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो. वामनरावांनी तर डॉक्टरांनाही तसंच सांगितलं होतं.

वामनराव उठले. माजघर ओलांडून गेले आणि बाजेच्या पायथ्याशी उभे राहिले. ओसरीतून मला सरळ दिसत होतं. नीरजानं कानातलं यंत्र काढून हातात घेतलं होतं.

"आशा, मले खरंच ऐकू नाही आलं वं."

"समजलं मले," आशाबाई म्हणाली. "कापूस गेला त्याच दिवशी समजलं."

यंदा पुन्हा वेचणीआधीची सीतादहीची पूजा झाली, कापूस घरोघर आला. वामनरावांनी एकही वेचा घरात घेतला नाही, वावरातूनच व्यापाऱ्याला देऊन टाकला, मिळेल त्या भावानं. कुणी विचारलं तर ठणकावून सांगतात, "कापूस वायफायची रेंज खाते." त्यांच्यासारख्या चिकित्सक माणसानं सांगितलं म्हटल्यावर गावातल्या आणखी दोघांनी आपलं माजघर मोकळं केलं. मी त्यांना खोटं पाडत नाही.

आशाबाई आता काठी धरून अंगणापर्यंत येते. नीरजाचं काम चालू आहे. वामनरावांनी ओसरीतली आपली खाट माजघरात, मधल्या दाराशी आणून टाकली आहे. दुपारी मी जातो तेव्हा ते तिथं पडलेले असतात. मागच्या खोलीत सगळं चिडीचूप असतं. तरी मधेच मान वर करून ते विचारतात, "काई म्हटलं का वं?"