अहोआईंची हाक

डोळा लागतोय आणि लागत नाही, अशा वेळी रस्त्यावरच्या ट्रामचा आवाज आधी लांब जातो, मग मऊ होतो, मग कुणीतरी ताक घुसळत असल्यासारखा येऊ लागतो. शनिवारची दुपार आहे. स्टॉकहोमच्या हिवाळ्यातली दुपार, म्हणजे जेवण उरकलं की लगेच दिवे लावायचे. वैजयंता दिवाणखान्यातल्या कोचावर शाल ओढून पडली आहे. पोटात वरणभात आहे आणि डोक्यात मघाचं भांडण.

भांडण झालं ते तिचा नवरा आणि मुलगी यांच्यात. ईडाला परगावच्या संगीताच्या कॉलेजातून गाण्याच्या प्रवेशपरीक्षेचं बोलावणं आलंय. ते ऐकून योरानने चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, "या घरात एक गाणारी झाली, तेवढी पुरे." ईडा जेवण अर्धं टाकून मैत्रिणीकडे निघून गेली. दोघांच्या मध्ये बसलेली वैजयंता खाली मान घालून ताटातली शितं गोळा करत राहिली.

ती 'एक गाणारी' म्हणजे योरानची आई, डाग्मार हेलस्ट्रम. ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकासारखाच प्रकार, फक्त तिथे साधा "या, बसा"सुद्धा गाऊनच म्हणायचा. त्या ऑपेरात बाईंचं नाव असं गाजलं की व्हिएन्ना, मिलान, ब्वेनोस आयरेस, सगळीकडून बोलावणी येत. पन्नाशीही गाठली नव्हती तेव्हा एके दिवशी त्यांनी गाणं सोडलं. का सोडलं, ते कुणालाच सांगितलं नाही. वैजयंता लग्न होऊन आली तोवर त्या गोष्टीला वर्षं लोटली होती, त्यामुळे तिने सासूचं गाणं ऐकलं ते तबकड्यांवर, तेही योरान घरी नसताना.

गेल्या उन्हाळ्यात बाई वारल्या. तिकडे सुना सासूला खुशाल नावाने हाक मारतात, पण कागलच्या चौगुल्यांच्या लेकीची जीभ काही तशी वळली नाही. ती "अहो आई" म्हणायची. बाईंना ते सगळं मिळून एकच नाव वाटलं, आणि पुढेपुढे त्या फोनवर स्वतःच सांगू लागल्या, "मी अहोआई!"

ताक घुसळल्याचा आवाज आता स्वयंपाकघरातून येतोय. वैजयंता उठून जाते. ओट्याखाली पाट मांडून अहोआई बसल्या आहेत. अंगावर राणीचा जड मखमली झगा, डोक्यावर मुकुट, चेहऱ्याला रंग, आणि मांडीवर सुपात लसूण. एकेक पाकळी सोलून त्या झग्याच्या ओच्यात टाकताहेत.

"वरणात हिंग लई झालाय गं," त्या म्हणतात.

त्या मराठी बोलताहेत, तेही अस्सल कागलचं, याचं वैजयंताला मुळीच नवल वाटत नाही. उलट हिंग खरंच जास्त पडला होता, म्हणून ती ओशाळते.

"कधी आलात, अहो आई?"

"मघाच आलो की. तुमी जेवत हुता तवा." कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तसं त्या पुरुषासारखं 'आलो' म्हणतात. "चल, घंटा झाली. पडदा वर जायची येळ झाली."

त्या उठतात. लसणाच्या पाकळ्या जमिनीवर पडतात, पण आवाज होत नाही. स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर पाऊल टाकावं तर पुढे लांबलचक बोळ. दोन्ही बाजूंना आरसे, आरशांभोवती पिवळे दिवे. एका आरशासमोर दुधाची बादली ठेवली आहे आणि तिच्यातून वाफ येतेय.

"ही बादली माझीच," अहोआई चालता चालता सांगतात. "सोळा वर्सांची हुतो. वर डोंगरात, उन्हाळी कुरणावर. मी अन् माझी बहीण एल्सा. सांज झाली की गाईंना हाका मारायच्या. लांब गेलेल्या असायच्या, तळ्याच्या पल्याड. मग हाक पण तशीच लागायची, बारीक अन् उंच. चर्चमधी बाजा वाजवणारा मास्तर तळ्यात मासं धरत बसला हुता. त्यानं ऐकलं आणि गळ तिथंच टाकून वर आला."

"आणि तुम्हाला शहरात आणलं."

"आणलं. वर्गातल्या पोरी नाक दाबायच्या. म्हणायच्या, हिच्या अंगाला दुधाचा वास येतोय. पयलं काम मिळालं ते मोलकरणीचं. 'बाईसाहेब, पाहुणे आलेत', एवढंच गायचं." अहोआई हसतात. त्यांच्या हसण्याने आरशांभोवतीचे दिवे थोडे मोठे होतात. "पण असं गायलो, की लोक पाहुण्यांची वाट बघाय लागले."

वैजयंताही हसते. मग ती विचारते, "आणि योरान?"

बोळ संपतो. आता त्या योरानच्या जुन्या खोलीत आहेत. इथे वैजयंता कधी आलेली नाही, पण खोली कुणाची ते तिला कळतं. पलंग नीट घातलेला. मांडून ठेवलेल्या लाकडी आगगाडीच्या चाकांना लोकरीचे तुकडे बांधलेले, आवाज होऊ नये म्हणून. भिंतींनासुद्धा लोकर लावली आहे.

अहोआई पलंगाच्या कडेवर टेकतात. मुकुट काढून बाजूला ठेवतात.

"दौऱ्यावर असलो की त्यो एल्साकडं. घरी असलो की गळा जपायचा. डॉक्टर सांगायचा, बोलू नका. मग मी गळ्याला रुमाल गुंडाळून गप बसायचो, आणि त्याला बी खुणेनं सांगायचो, हळू, हळू." त्या आगगाडीच्या चाकाची लोकर सोडवू पाहतात. गाठ सुटत नाही. "लोकांस्नी गाणं दिलं बघ, वैजू. पोराला गप बसणं दिलं."

"म्हणून सोडलंत?"

"ईस वर्सांचा झाला, तवा पयल्यांदा माझं ऐकाय आला. खेळ संपल्यावर आत आला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, 'छान झालं, अभिनंदन.' पाव्हण्यासारखा. दुसऱ्या दिवशी मी गाणं सोडलं. म्हटलं, ह्येनं तरी पोरगं माघारी येईल."

"पण तो आला नाही."

"कसा येईल? गाण्यानं न्हेलंच नव्हतं त्याला. न्हेलं त्या गप बसण्यानं. आणि गाणं सोडून मी काय केलं, तर आणखी गप बसलो." त्या वैजयंताकडे वळतात. चेहऱ्यावरचा रंग ओघळतोय आणि त्याखालून त्यांचा नेहमीचा सुरकुतलेला, ठिपक्यांचा चेहरा दिसतोय. "आन् तू गं? जेवताना भात चिवडत बसलीस त्ये?"

वैजयंता म्हणते, "मला वाटलं, मी बोलले तर वाढेल."

"वाढू दे की."

त्या हे रागाने म्हणत नाहीत. भाजी वाढताना म्हणावं तसं म्हणतात.

खोलीला भिंत उरलेली नाही. पलंगाच्या पायथ्याशी गवत सुरू होतं आणि पार खाली तळ्यापर्यंत जातं. रात्र नाही, उजेड आहे, तिकडच्या उन्हाळ्यातला न सरणारा उजेड. गवतात हातभर उंचीची झुडपं आहेत, त्यांना गर्द निळी फळं लगडलेली, करवंदांहून बारीक. अहोआई झग्याचा ओचा धरून बसतात आणि फळं तोडू लागतात. वैजयंताही तोडते. एक तोंडात टाकते. आंबट, मग गोड.

"तुमचं गाणं कधी समोर बसून ऐकलं नाही मी," ती म्हणते.

"मग आत्ता ऐक."

अहोआई उभ्या राहतात. तोंडाशी हाताचा पंजा धरतात. आणि हाक निघते. तबकडीवरच्या आवाजाशी तिचं काही नातं नाही. बारीक, सरळ, तळ्यावरून जाते, पलीकडच्या डोंगराला लागते आणि जशीच्या तशी परत येते. थोड्या वेळाने झाडीतून गळ्यातल्या घंटा वाजू लागतात. एक गाय बाहेर येते, मग दुसरी, मग कितीतरी, सावकाश, शेपट्या हलवत.

"गळा दुखत नाही आता?" वैजयंता विचारते.

"हितं जपाय लागत न्हाई," अहोआई म्हणतात. त्या ओंजळभर फळं तिच्या हातात ओततात आणि तिची बोटं वरून मिटतात. "जा आता. त्यानं भांडी घासाय घेतल्यात."

घंटा वाजताहेत. घंटा भांड्यांसारख्या वाजताहेत. स्वयंपाकघरात नळ चालू आहे.

वैजयंता डोळे उघडते. बाहेर अंधारून आलंय, खिडकीच्या कठड्यावर बर्फ साचलाय. तोंडात आंबट चव आहे. शाल बाजूला सारताना तिला स्वतःचा हात दिसतो, आणि ती दिवा लावून पुन्हा पाहते. उजव्या हाताची बोटं पेरापर्यंत जांभळी झाली आहेत. नखांच्या कडांत रंग गच्च बसलाय. ती फळं लागतात श्रावण-भाद्रपदात, आणि घरातली साठवणीची तर दिवाळीलाच संपली.

ती तशीच स्वयंपाकघरात जाते. योरान पाठमोरा उभा राहून ताटं विसळतोय.

"योरान," ती म्हणते, "ईडाला परीक्षेला जाऊ दे."

तो नळ बंद करत नाही. "ते झालंय बोलून."

"तुमचं दोघांचं झालंय. माझं राहिलंय." ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहते. "तिचं गाणं बंद केलंस तर ती घरात राहील, पण आपल्याशी बोलायची नाही. गप्प घर कसं असतं ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"

योरान वळतो. काहीतरी बोलायला तोंड उघडतो, आणि त्याचं लक्ष तिच्या हाताकडे जातं. तो नळ बंद करतो. ओल्या हातांनी तिची बोटं धरून दिव्याखाली नेतो आणि अंगठ्याने एक नख चोळून पाहतो.

"हे कुठलं?" तो हळू आवाजात विचारतो.

"एल्सामावशीच्या कुरणावरचं. आई होत्या."

तो तिची बोटं सोडत नाही. बाहेरून एक ट्राम जाते.

"तिला स्टेशनवर मी सोडेन," शेवटी तो म्हणतो.

"स्टेशनवर नको. तिच्याबरोबर जा. आत बसू दिलं तर आत बस, नाहीतर दाराला कान लावून उभा राहा. पण ऐक."

योरान मान हलवतो. मग साबण घेऊन तो तिची बोटं धुऊ लागतो, एकेक करून, लहान मुलाची धुवावीत तशी. फेस निळसर होतो. डाग मात्र जात नाही.