फटीत बसणारं मशीन

लाकूड कातायचं लेथ मशीन घेताना ते फ्रीज आणि ज्वारीच्या कोठीमधल्या फटीत बसतं का, एवढंच बघायचं नसतं. हे मला आता पाठ आहे.

निवृत्तीनंतर ह्यांना सुतारकामाचा नाद लागला. इथपर्यंत मी सहन केलं. पण झरीला राहणाऱ्या माझ्या दिरांच्या मुलीचं, सोनूचं लग्न ठरलं आणि भर बैठकीत मीच नवऱ्या मुलाच्या आईला सांगून बसले, "रुखवतातलं लाटणं आमच्या घरी कातलेलं असेल, विहीणबाई." (मशीन तेव्हा घरात नव्हतं. लाकूडही नव्हतं.)

घरी येताच हे मोबाइलवर मशीनं दाखवत मागे लागले.

"बेड, म्हणजे खालचा पाया, ओतीव लोखंडाचा पाहिजे. वजन असलं की मशीन थरथरत नाही."

"आणि झाडताना उचलायचं कुणी?"

"वेग कमी-जास्त करायची सोय हवी."

"लांबी किती?"

"साडेतीन फूट."

"फट दोन फुटांची आहे."

"मग कोठी सरकवू."

"भरलेली आहे. तुम्ही सरकवणार?"

ह्यांनी कंबर धरली. आमच्या घरात निर्णय असे होतात.

टेप घेऊन मी स्वतः दुकानात गेले. दुकानदार सांगू लागला, "ताई, दोन टोकांच्या मध्ये लाकडाला जागा किती, ते आधी…"

"मला शिकवू नका. बाहेरून माप सांगा."

त्याने सांगितलं. बिचाऱ्याने लगेच बिलही फाडलं.

मशीन हलकं होतं, मीच एका हातात उचलून आणलं. टेबलावर ठेवून ह्यांनी लाकडाचा एक तुकडा लावला, बटण दाबलं आणि मशीन चालू झालं. म्हणजे चालायलाच लागलं! थेट माझ्या मसाल्याच्या डब्याच्या दिशेनं. मशीनवर पिठाचा डबा ठेवला, तर पिठासकट निघालं. शेवटी पत्रिका द्यायला आलेल्या दिरांना मशीन दाबून धरायला टेबलावर बसवलं.

"वयनी, ह्येच्यावर किती येळ बसू? गावभर पत्रिका वाटायच्या हायत."

"लाटणं होईपर्यंत," मी म्हणाले.

मग लाटण्याचं लाकूड लावायला गेलो, तर ते बसेचना. मशीन दोन फुटांचं, पण निम्म्याहून जास्त लांबी मोटारीनं आणि मागच्या सरकत्या टोकानं खाल्लेली. लाकडासाठी उरली होती वीतभर जागा.

दीर टेबलावरून वाकून बघत म्हणाले, "भोवरा व्हईल, वयनी. लय झालं तर इटी-दांडूतली इटी."

माझं डोकं तडकलं. ह्यांच्यावर ओरडले, "तुम्हाला कळत होतं, तर बोलला का नाहीत?"

"बोलत होतो. तू फट मोजत होतीस."

शब्द मी दिला होता. बाजारातून लाटणं आणलं असतं, तर सोनूच्या सासरी माझ्या नावानं जन्मभर पोळ्या लाटल्या गेल्या असत्या. म्हणून मीच हुकूम सोडला की अर्धं-अर्धं काता, मध्ये खुंटी घालून चिकटवा, वर पॉलिश मारा. हे म्हणाले, "टिकणार नाही." मी म्हणाले, "लग्नापुरतं टिकलं तरी बास."

लग्नापुरतंही टिकलं नाही. रुखवत बघायला बायका जमल्या. विहीणबाईंनी लाटणं उचललं, कौतुकानं दोन्ही हातांत धरलं आणि जरा पिळून बघितलं. कट्. दोन्ही हातांत एकेक.

विहीणबाईंनी एकदा उजव्या हाताकडं बघितलं, एकदा डाव्या.

"लय इचार केला बगा तुमी, विहीणबाई," त्या म्हणाल्या. "एक मला, एक सुनंला. भांडनच नको."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. सोनूसुद्धा हसली, पण तिचंच हसणं तेवढं मला टोचलं नाही. मी परत येईपर्यंत रस्ताभर ह्यांच्याशी भांडले. म्हणजे फक्त मी भांडले. घरात पाऊल टाकल्यावर हे शांतपणे म्हणाले, "फटीत मात्र बसलंय हं."

बसलंय. अजूनही तिथंच आहे. दोन्ही बाजूंना बोटभर जागा सुटते. माप मी घेतलं होतं.