आज लदीनची पाळी आमची होती

"घरात दुख आसा म्हणान लदीन चुकवची नाय गो," सासूबाई लग्नाच्या वर्षी म्हणाल्या होत्या.

मंडळी, लदीन म्हणजे मे महिन्यात वाडीच्या क्रुसापुढे गायची प्रार्थना. दरवर्षी एका घराची पाळी. आज आमची होती. सुरुवात नेहमी माझे यजमान करून देत. पण अर्धांगवायू झाल्यापासून, चार महिने, ते कुणाकडे बघतही नाहीत.

"औंदा ऱ्हवांदे गो," शेजारीण कार्मेलीन म्हणाली.

मी ऐकलं नाही. त्यांना खुर्चीसकट क्रुसापुढे नेलं आणि स्वतःच गायला लागले. दुसऱ्याच ओळीला सूर चुकला. त्यांनी माझ्याकडे बघून आठ्या घातल्या आणि बऱ्या हाताने खुर्ची ठोकली!

चार महिन्यांनी नवऱ्याने माझी चूक काढली. देव ऐकतो, याबद्दल मला शंका नव्हतीच.

कार्मेलीन, पुढच्या वर्षीची पाळी तुझी. देणार नाहीस, ठाऊक आहे, तरी मागते: माका दी गो.