वासुकाकांचा कान

नवा कॉम्प्युटर बिघडला की कंपनीकडे जातो. जुना बिघडला की आमच्याकडे येतो, आणि येताना एक किस्सा सोबत घेऊन येतो. कॉम्प्युटर दुरुस्त होऊन आपल्या घरी जातो, किस्सा मात्र दुकानातच राहतो. वीस वर्षांत इतके साचलेत की बसायला जागा उरली नाही म्हणा.

अमरावती ते अकोला जुने डेस्कटॉप दुरुस्त करणारे आम्ही आठ-दहा जण आहोत. कुणाच्या लग्नात किंवा तेरवीला एकत्र आलो की पंधरा मिनिटांत वासुकाकांचा किस्सा निघतोच. वासुकाका म्हणजे मी काम करतो त्या दुकानाचे मालक आणि माझे गुरू. आज सदुसष्ट वर्षांचे आहेत.

जुन्या डेस्कटॉपचा बिघाड पडद्यावर दिसत नाही, कारण पडदाच काळा असतो. तो आतल्या बारक्या स्पीकरमधून बीप देतो. बीप लांब की तोकडा, एक की दोन, त्यावरून काय गेलं ते कळतं. एवढं आम्हा सगळ्यांना येतं. काकांना त्याच्या पुढचं यायचं. पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक मशीनला आणि मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे, आणि आत काय बिनसलंय ते झाकण न उघडता सांगायचं. अकोल्याची पोरं एसटीत मांडीवर कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरचा डबा, घेऊन यायची, फक्त काकांनी कान लावावा म्हणून. काकांचं नाव, दुकान, रुबाब, सगळं त्या कानावर चाललं होतं.

आमची मंडळी हे किस्से पुढचे मागे, मागचे पुढे करून सांगते आणि पोट धरून हसते. मला त्यांचा क्रम माहीत आहे. क्रमानं सांगितले की हसू जरा कमी येतं.

*

पहिला हिवरखेडचा. तिथल्या एका शाळेच्या क्लार्कचा फोन आला, कॉम्प्युटर सुरूच होत नाही, उद्या पोरांचे फॉर्म भरायची शेवटची तारीख. तेव्हा व्हिडिओ कॉल वगैरे काही नव्हतं. काका म्हणाले, "फोन कॅबिनेटजवळ धरा आन् बटन दाबा."

क्लार्कनं धरला. काकांनी ऐकलं. "एक लांब, दोन तोकडे. डिस्प्ले कार्ड हाये. काढा, त्याचे सोनेरी दात खोडरबरनं घासा, परत बसवा."

पाच मिनिटांत तिकडून आनंदाचा आवाज आला, चालू झाला म्हणून. काका म्हणाले, "थांबा. अजून एक पंखा कुरकुरून राह्यला. त्याचं बेअरिंग गेलं. बदलून घ्या, नाईतर बंद पडते."

क्लार्क म्हणाला, "काका, तो कॉम्प्युटरचा नाई. तो छताचा पंखा होय."

"मंग छताचा बदला."

तिसऱ्या दिवशी तो पंखा बंद पडला. तेव्हापासून त्या शाळेत वासुकाकांचं नाव गुरुजींच्या बरोबरीनं घेतलं जायचं.

*

दुसरा अकोल्याचा. आमच्यातला गजू तिथे दुकान चालवतो. त्याच्याकडे कापसाच्या एका जिनिंगमधला कॉम्प्युटर आला. दहा मिनिटं चालायचा आणि धपकन बंद. गजूनं पॉवर सप्लाय बदलला, रॅम बदलली, विंडोज नव्यानं टाकली. तरी दहा मिनिटं झाली की बंद. आमच्या वऱ्हाडात कुठल्याही आजारावर लोक आधी "फॉरमॅट मारून द्या" म्हणतात, गजूनं तेही दोनदा मारून पाहिलं.

काका कुठल्याशा लग्नाला अकोल्यात होते. गजूनं त्यांना पंगतीतून उठवून नेलं. काकांनी पेचकस लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "याले दमा झाला."

उघडून पाहिलं तर प्रोसेसरवरच्या पंख्याखाली कापूस दडपून बसलेला. सरकी काढताना उडालेले सगळे तंतू वर्षानुवर्षं आत जाऊन त्यांची गादी झालेली. हवा जाईल कुठून? गजूनं चिमट्यानं ओढला तर वीतभर लांब पट्टा निघाला.

जिनिंगचे म्हातारे मुनीम शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "फेकू नका." त्यांनी तो कापूस कागदात बांधून घरी नेला आणि त्यांच्या बायकोनं त्याच्या वाती केल्या. चांगल्या जळल्या म्हणे, फक्त जरा वास आला.

*

तिसरा दसऱ्याचा. हा सगळ्यांचा लाडका किस्सा आहे. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, आणि हल्ली ऑफिसातली हत्यारं म्हणजे कॉम्प्युटर. एका पतसंस्थेत बायकांनी कॅबिनेट ओल्या फडक्यानं पुसलं, उचलून पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. दसऱ्याची सुट्टी संपल्यावर सुरू करायला गेल्या तर त्यानं नुसता टाहो फोडला. बीऽप, बीऽप, बीऽप, थांबायलाच तयार नाही.

आम्ही दोघं गेलो. सगळा स्टाफ कानावर हात ठेवून उभा. काकांनी बटन दाबलं. खोलीभर बीप घुमायला लागला. काकांनी मान तिरपी केली, थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "आवाजच नाई. बोर्ड गेला."

त्यावर जो हशा उठला! मॅनेजर तर टेबलावर हात आपटत हसला. काका मस्करी करणारे म्हणून प्रसिद्धच होते. मी पुढे झालो, हलवाहलवीत सैल झालेली रॅम काढली, पुसली, बसवली. आवाज थांबला. "काका म्हणे आवाजच नाई" हे वाक्य आठवडाभरात अकोल्यापर्यंत पोहोचलं आणि अजून फिरतं आहे.

लोक हसत होते तेव्हा काकाही हसले. पण ते सगळ्यांच्या एक क्षण मागून हसले. मी बाजूलाच उभा होतो, मला ते दिसलं. माणसांचं बोलणं त्यांना अजून ऐकू येत होतं. बारीक, उंच पट्टीचे आवाज गेले होते.

*

चौथा थापांचा. पतसंस्थेतून आम्ही स्कूटरवर परत आलो. दुसऱ्या दिवशी दुकानात मशीन सुरू केलं, बीप आले, आणि मी काकांच्या मागून जाता जाता त्यांच्या खांद्यावर थाप दिली. लांब बीपला हात टेकवून ठेवायचा, तोकड्याला नुसतं थोपटायचं. काकांनी वळून पाहिलं नाही. म्हणाले, "रॅम हाये." बरोबर होतं.

ठरवलं नव्हतं, बोललो नव्हतो, पण तेव्हापासून तेच सुरू झालं. दोन वर्षं चाललं. काका डोळे मिटून पेचकस कानाला लावायचे, मी मागे उभा राहायचो. गिऱ्हाईक भारावून जायचं.

एकदा दुकानात आलेल्या गजूला मात्र शंका आली. "काहून बे सुन्या, काकाले सारखा थापटून राह्यला?"

"उचकी लागते त्याइले."

"मंग पाणी दे ना."

एकदा एक वकीलसाहेब आपला कॉम्प्युटर न्यायला आले. काम झालं म्हणून भलतेच खूश. निघताना त्यांनी काकांच्या खांद्यावर प्रेमानं हात ठेवला, थोडा दाबला आणि दोनदा थोपटलं.

काका खाली मान घालून दुसऱ्या मशीनचे स्क्रू काढत होते. वर न पाहता म्हणाले, "डिस्प्ले कार्ड हाये."

वकीलसाहेब हात तसाच धरून माझ्याकडे पाहत राहिले. हाही किस्सा आमच्या मंडळीत चालतो. म्हाताऱ्याच्या डोक्यात चोवीस तास कॉम्प्युटर, असा त्याचा अर्थ लावतात. मीही तसाच लावू देतो.

*

पाचवा कुणाला माहीत नाही. मी कधी सांगितला नाही.

भातकुलीकडच्या सुमनताई. घरची फुलशेती, शेवंती आणि झेंडू. नवरा चार महिन्यांपूर्वी अचानक गेलेला. त्याला एक हौस होती, छोट्या कॅमेऱ्यानं फुलांचे आणि घरच्यांचे फोटो काढायचे आणि ते जुन्या डेस्कटॉपवर भरून ठेवायचे. तो असतानाच कॅमेरा बिघडला होता आणि त्याचा स्वतःचा मोबाईल साधा, बटनांचा. भिंतीवर लावायला फोटो हवा होता. त्याचे होते ते सगळे, पोरीनं त्याच कॅमेऱ्यानं काढलेले, त्या एका हार्डडिस्कमध्ये.

हार्डडिस्क मरायला लागली की आतून टक टक करते. तो आवाज आला की मशीन तत्काळ बंद करायचं आणि पुन्हा सुरू न करता डिस्क मोठ्या शहरात पाठवायची, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शहाणपण. चालू ठेवली तर आतली सुई तबकडी खरवडत राहते.

त्या दिवशी मी सामान आणायला अकोल्याला गेलो होतो. काका एकटे होते. त्यांनी मशीन लावलं, ते अडखळत सुरू झालं, त्यांना वाटलं हळू आहे पण चालतंय. फोटो दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायला लावले आणि सुमनताईंशी शेवंतीच्या भावाबद्दल बोलत बसले. दुपारभर.

चारला मी परत आलो. तो आवाज मला दुकानाच्या पायरीवरच ऐकू आला. टक टक, टक टक. मी धावत जाऊन वायर उपसली. पण तोवर जे व्हायचं ते झालं होतं. एकही फोटो आला नव्हता. पुढे ती डिस्क पुण्याला पाठवली, तिथून तबकडीवर ओरखडे आहेत, काही निघणार नाही असा निरोप आला. पण ते मला त्याच क्षणी कळलं होतं.

सुमनताई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "आधार कार्डावर हाये एक फोटो. पण त्याच्यात ते ओळखू येत नाई. पोरगी म्हणते, हे बाबा नोयच." मग काकांकडे वळून म्हणाल्या, "काका, तुमी एकडाव कान लावून पाहा ना. लोक सांगतात तुमाले सारं ऐकू येते."

काकांनी पेचकस घेतला. बंद पडलेल्या डिस्कला लावला, मूठ कानाला. डोळे मिटले. माझा हात त्यांच्या खांद्याकडे गेला आणि मागे आला, कारण आता थापटून सांगण्यासारखं काही नव्हतं.

काकांनी पेचकस खाली ठेवला. "मले ऐकू येत नाई, माय," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. आज मशीन बोंबलत असंल आन् मी तुह्याशी गप्पा करून राह्यलो."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, "मंग मी मोठ्यानं बोलू का?"

त्यांनी गावात कुणाला सांगितलं नाही. आमच्या दुकानाचं नाव त्यांनी कधी खराब केलं नाही. त्याचंच मला जास्त लागतं. चूक काकांची म्हणता येणार नाही, चूक माझी. कान गेलेल्या माणसाला मी दोन वर्षं कान असल्यासारखं उभं केलं, आणि त्याची किंमत भातकुलीच्या एका बाईनं मोजली.

*

शेवटचा गेल्या उन्हाळ्यातला.

त्या दिवसानंतर काका गिऱ्हाइकासमोर येईनात. मागच्या टेबलावर बसून स्क्रू निवडत राहायचे. हळूहळू माणसांचं बोलणंही त्यांना ऐकू येईनासं झालं. काकू माझ्या मागे लागल्या की यांना डॉक्टरकडे ने. अमरावतीत नको, कुणी पाहील, म्हणून मी त्यांना अकोल्याला नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि माझ्याशी सरळ बोलले. थोडं जरी ऐकू येत असलं तरी कानात मशीन बसवता येईल आणि काम करता येईल. अगदीच काही उरलं नसेल तर मशीनचा उपयोग नाही. ते आता टेस्टमध्ये कळेल.

मी ते काकांना कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी वाचलं, घडी करून खिशात ठेवलं.

टेस्टची खोली म्हणजे काचेची एक बारकी केबिन. काकांना आत बसवलं, डोक्यावर हेडफोन, हातात एक बटन. टेस्ट घेणारी बाई तरुण होती, मोठ्यानं आणि हातवारे करून तिनं समजावलं, "बाबा, कानात टूऽ असा आवाज येईल. आवाज आला की बटन दाबायचं."

काकांनी मान हलवली. बाई बाहेर येऊन तिच्या मशीनपाशी बसली. एक खटका दाबला, काकांकडे पाहिलं. थोडा आवाज वाढवला, परत पाहिलं. अजून वाढवला. काका डोळे मिटून, मान किंचित तिरपी करून बसले होते, जसे ते आयुष्यभर बसत आले तसे. मी ओळखीची ती मान पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, दाबा काका, एकदा दाबा.

बाईनं आवाज शेवटपर्यंत नेला. हेडफोनमधून गळून तो काचेच्या बाहेर मला ऐकू यायला लागला. एक लांब. मग दुसरा लांब. काकांनी डोळे उघडले आणि काचेतून माझ्याकडे पाहिलं. माझा हात आपोआप उचलला गेला आणि काचेवर टेकला. मी तो तिथेच दाबून धरला.

त्यांनी बटन दाबलं नाही. हेडफोन काढला, नीट टेबलावर ठेवला, दार उघडून बाहेर आले आणि त्या बाईसमोर उभे राहिले.

"बाई, तुमची मशीन बीप देऊन नाई राह्यली," ते म्हणाले. "मले वाटते आतला वायर सुटला असंल. बसा तुमी, मी पाहून देतो."