उणे एक नंबरची नाव

नेमावरच्या घाटावरची ती केस आज इतक्या वर्षांनीही मनातून जात नाही. मध्यभारत राज्य नुकतंच झालं होतं आणि मी तिथे ठाणेदार होतो.

नर्मदा ओलांडताना एका वृद्ध यात्रेकरू बाईंचं दागिन्यांचं गाठोडं नावेत राहिलं. त्या तक्रार घेऊन आल्या तेव्हा तेरा दिवस उलटले होते. नावाड्याचा चेहरा त्यांना आठवेना. घाटावर नावाड्यांची पाच घरं. रोज एकाच घराची पाळी, पाचव्यानंतर पुन्हा पहिलं. ज्या घरावर चोरी शाबीत होई, त्याची पाळी कायमची जाई.

खबऱ्याने सांगितलं, "साब, गठरी जिसकी बारी थी, उसीके पास है."

आमच्या जमादारांनी लगेच पहिल्या घरच्या म्हाताऱ्याला आणून बसवलं.

"साहेब, हिशेब चोख आहे. आज दुसऱ्याची पाळी. तेरातले दोन फेऱ्यांचे दहा काढले, उरले तीन. दोनातून तीन गेले, उणे एक. म्हणजे पहिलं घर!"

"आणि ते उणे?"

"सोडून दिलं. उणे नंबरचं घर असतं होय?"

म्हातारा एवढंच म्हणत होता, "म्हारी बारी नी थी, साब." मग कोणाची होती, म्हटलं की गप्प. गुन्हेगार सहसा दुसऱ्याचं नाव पुढे करायला टपलेला असतो. हा करत नव्हता, म्हणून मला शंका आली.

नावा घाटावर घरांच्या क्रमाने बांधलेल्या असत. जमादारांना दुसऱ्या नावेपाशी उभं केलं.

"आता ते उरलेले तीन दिवस एकेक करून मागे चला."

काल पहिली. पुढे नुसती वाळू. जमादार अडले.

"परवा घाट बंद होता का?"

"नाही... परवा पाचव्याची!" ते धावत दुसऱ्या टोकाला गेले. पाचवी, मग चौथी.

चौथ्या घरच्या तरुणाने गाठोडं आणून दिलं. त्याच दिवशी संध्याकाळी नावेच्या फळीखाली सापडलं होतं, पण ठाण्यात यायच्या भीतीने पाय उचलला नव्हता. बाईंनी दागिना न् दागिना ओळखला. मी चोरी लिहिली नाही, 'सापडलेली वस्तू' लिहिली.

सोडताना म्हाताऱ्याला विचारलं, "भिया, तुला ठाऊक होतं. बोलला का नाहीस?"

"हूं बोलतो तो उका घर की बारी जाती, साब. म्हारो तो कसूर नी थो. तम छोड़ी ज देता."

चुकलेल्या हिशेबाच्या जोरावर आम्ही त्याला कोठडीत घालायला निघालो होतो, आणि तो मात्र शेजाऱ्याची पाळी जाऊ नये म्हणून, निर्दोषाला आम्ही सोडूच या आमच्याच न्यायाच्या भरवशावर शांत बसला होता. त्यानंतर माझ्यासमोर कोणी गप्प बसला, की मी आधी आमचाच हिशेब पुन्हा तपासू लागलो.